टेकाडे सरांचा लेप

आमचे टेकाडे सर गोड माणसांशी बोलत नाहीत.

म्हणजे भांडत नाहीत, तोंडही फिरवत नाहीत. पण कुणी मान तिरकी करून, गालभर हसून "काय सर, कसं काय?" असं विचारलं, की ते त्याच्याकडे बंद पडलेल्या पंख्याकडे बघावं तसं बघतात आणि पुढे चालू लागतात. उलट, त्यांच्या प्रयोगशाळेतला परिचर सोनोने. या सोनोनेनं 'नमस्कार'ला 'बरं' याहून गोड उत्तर कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही. तो सरांचा जिवलग मित्र. दोघं दुपारी एका बाकावर बसून डबा खातात, आणि तासाभरात दोघांत मिळून चार वाक्यं होतात. त्यातली तीन सोनोनेच्या तक्रारी असतात.

मी देऊळगाव राजाची. खामगावच्या या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले, तेव्हा नवीन होते, म्हणून सगळ्यांशी गोड वागत होते. माझी प्रयोगशाळा आणि सरांची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यात एक भिंत आणि एक नळ सामाईक आहे. मी रोज सकाळी हसून "गुड मॉर्निंग सर" म्हणायची. कित्येक महिने मला उत्तर मिळालं नाही. मग एकदा माझ्या बाजूला नळाला पाणी येईना, माझे बेडूक ताटकळले होते, आणि वाफ गार करणाऱ्या सरांच्या शीतकाला मात्र नळी लावून धार चालू होती. मी दारात उभी राहून अख्ख्या पॅसेजला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना सुनावलं. सर शांतपणे ऐकत राहिले. संध्याकाळी स्वतः चहाचे दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम," ते म्हणाले, "आज तुमच्यातून करंट वाहला."

त्या दिवसापासून मी त्यांच्या माणसांत जमा झाले.

या आंबटप्रेमामागे शास्त्र आहे. सरांचं सगळं आयुष्य वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकवर गेलं. प्लास्टिकमधून वीज जात नाही हे आपण सगळेच धरून चालतो. त्या भरवशावरच तर आपण बटणं दाबतो. पण काही प्लास्टिकं वेगळी असतात. सरांचं पहिलं प्रेम पॉलिअॅनिलीन नावाचं. त्याचा पातळ थर धातूच्या किंवा ग्राफाइटच्या कांडीवर चढवायचा. आम्लात ठेवला तर तो हिरवागार होतो आणि त्यातून वीज वाहते. आम्ल काढून घेतलं, की निळा पडतो आणि वीज बंद. सर हे सांगतात आणि पुढे लगेच म्हणतात, "माणसाचंही तसंच हाय. जरासं आंबट असल्याबिगर त्याच्यातून काही वाहत नाही. गोड माणूस म्हंजे निळा. बटन दाबत बसा."

सरांचं लग्न झालेलं नाही. तरुणपणी एक मुलगी बघायला गेले होते आणि ती फार गोड बोलली म्हणून परत आले, असं कॉलेजात सांगतात. सरांना विचारलं तर ते म्हणतात, "राहून गेलं." कांद्याच्या पोह्यांबद्दल मात्र अजून चांगलं बोलतात.

वीज वाहणाऱ्या प्लास्टिकची गोष्ट ते कुणालाही सांगतात. एकदा कॉलेजच्या फाटकासमोर वीज मंडळाचा वायरमन खांबावर चढायच्या तयारीत होता. सरांनी त्याला गाठून पाच मिनिटांत सगळं समजावलं. तो बिचारा रबरी हातमोज्यांकडे बघत म्हणाला, "सर, प्लास्टिकमधून बी करंट जाते, तं मंग मी हातात काय घालू?" त्या दिवशी तो खांबावर चढलाच नाही, आणि आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत लाइट नव्हती.

महागड्या प्लॅटिनमच्या कांड्या आमच्या कॉलेजच्या नशिबी नव्हत्या. सरांनी शोध लावला की पेन्सिलीतलं शिसं म्हणजे उत्तम ग्राफाइट. तेव्हापासून ते स्टेशनरीच्या दुकानातून पेन्सिलींची खोकीच्या खोकी नेतात, लाकूड सोलून टाकतात आणि आतली काडी ठेवतात. दुकानदाराची बरीच वर्षं समजूत होती की सर बालवाडी चालवतात. "पोरं लय लिहितात वाटते तुमची," असं त्यानं एकदा कौतुकानं म्हटलं. सर म्हणाले, "नाही. पहिले सोलतो, मग लेप देतो." त्यानंतर दुकानदारानं पोरांचा विषय काढला नाही.

लेप! हा शब्द सरांच्या तोंडात दिवसभर असतो. काडीवर चढलेला प्लास्टिकचा थर म्हणजे लेप. तो घाईनं चढवला, तर पापुद्र्यासारखा सुटून येतो. सावकाश, अगदी थोडी वीज देत चढवला, तर काडीला धरून राहतो. म्हणून सरांचं ब्रीदवाक्य, "धरू द्या." रजेचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर पडून आहे? धरू द्या. कुकरची शिट्टी झाली, उघडू का? धरू द्या. नव्या जोडप्याचं पटत नाही? अजून धरू द्या.

कापसाच्या हंगामात तर सर हैराण असतात. जिनिंगच्या गिरणीकडे जाणारे भरलेले ट्रक कॉलेजवरून जातात, त्यांच्या धक्क्यानं टेबल हलतं आणि लेप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ चढतो. सरांनी आधी टेबलाखाली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब घातली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा स्वतःच रस्त्यावर जाऊन उभे राहिले. हात आडवा करून एक ट्रक थांबवला आणि ड्रायव्हरला विनवलं, "भाऊ, जरा हळू घ्या. आत लेप धरून राह्यला." ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं आणि खाली उतरून काळजीनं विचारलं, "कोणाले लागलं जी? हाड मोडलं का?"

अशा माणसाचे शोधनिबंध किती असणार? तपासणी समिती आली, की आमच्याकडचे इतर प्राध्यापक निबंधांची चळत पुढे ठेवतात. सरांच्या टेबलावर एका छोट्या बरणीत एक काळी काडी बुडालेली असते. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "याचे निष्कर्ष केव्हा प्रसिद्ध करणार?" सर म्हणाले, "अजून पक्कं नाही." बाई म्हणाल्या, "पण आकडे तर चांगले दिसतायत." सर म्हणाले, "तेच तं. चांगले दिसून राह्यले म्हणूनच भेव वाटते." आकडा चांगला आला की ते प्रयोग पुन्हा करतात. वाईट आला तरी पुन्हा करतात. 'पक्कं हाय' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकले नव्हते. त्यांच्या घरी जेवायला गेलं आणि "भाजीत मीठ घातलंय ना?" विचारलं, तरी ते "घातलं असंन" एवढंच म्हणतात.

दोन-तीन वर्षांपूर्वी सरांनी अचानक विषय बदलला. हिरवा लेप बाजूला पडला आणि काळा आला. हा पॉलिपायरोलचा. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते मोजायचा. आम्हाला नवल वाटलं, कारण सर चप्पल बदलायलासुद्धा वर्ष घेतात. खतांचं, गोठ्यांचं नायट्रेट पाण्यात उतरतं हे खरं, पण एकदम हाच विषय का, हे त्यांनी सांगितलं नाही. काम कसं चालतं ते मात्र मला समजावलं. लेप चढतानाच त्यात नायट्रेट कोंडून ठेवायचं. पुढे ते निघून गेलं तरी त्याच्या मापाची जागा लेपात राहते. मग काडी पाण्यात बुडवली, की लेप नायट्रेटला ओळखतो आणि मीटरवरचा आकडा हलतो.

"जागा राह्यते, मॅडम," सर म्हणाले. "दुसरं कोणी तिथं नीट बसत नाही. क्लोराइड घुसते मधामधात, न बोलावलेल्या पावण्यावानी. पण नीट बसत नाही."

आमच्याकडच्या पाण्यात क्षार भरपूर, म्हणजे बिनबोलावलेले पाहुणेही भरपूर. त्यामुळे आकडे डुलत राहायचे आणि सर "अजून पक्कं नाही" म्हणत राहायचे. दर रविवारी मात्र ते कापडी पिशवीत धुतलेली बाटली घालून एसटीनं जायचे आणि मोताळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या विहिरीचं पाणी घेऊन यायचे. एकाच विहिरीचं. मी विचारलं, "सर, जिल्ह्यात इतक्या विहिरी, तुम्ही त्याच एकीवर का?"

"तिथलं पाणी ओळखीचं हाय," ते म्हणाले. मी ते शास्त्रीय उत्तर समजून सोडून दिलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. सोमवारी सकाळी मी वर्गावरून आले, तर सर माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभे. चष्मा कपाळावर, हातात आकडे टिपलेला कागद.

"मॅडम, लहान लेकराच्या रक्तात नायट्रेट गेलं तं काय होते?"

मी सांगितलं. मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. पण तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ, नखं निळी पडतात. वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं.

सर उभ्या जागी खाली बसले. बेडकांच्या टाकीच्या कठड्यावर.

"काल दोरीवर लंगोट वाळून राह्यले होते," ते म्हणाले. "सून माहेरून आली लेकराले घेऊन. वरच्या दुधाची पावडर माठातल्या पाण्यात कालवून राह्यली होती. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. अन् आज आकडा दुप्पट आला."

"कुणाची सून, सर?"

"दादाची." मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढत, "माह्या भावाची. गाडी हाय ना तुमची? चला."

"सर, आकडा पक्का आहे का? पुन्हा एकदा बघायचं का? नाहीतर सरकारी प्रयोगशाळेत..."

"तिथं आठ दिवस लागतीन," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले. कॉलेजात कुणी टेकाडे सरांना धावताना पाहिलं नव्हतं. सोनोने पॅसेजमध्ये आ वासून उभा राहिला. सरांनी जाता जाता बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्याकडे दिलं आणि ते सरकारी प्रयोगशाळेतही पोहोचवायला सांगितलं.

नांदुऱ्यापर्यंत सर आकड्यांचा कागद पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया वेचत होत्या. नांदुरा मागे पडल्यावर त्यांनी आपण होऊन सुरुवात केली.

वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, नामदेवदादानं, शाळा सोडून वावर सांभाळलं आणि धाकट्याला शिकवलं. दादाच्या एकुलत्या मुलाचं, प्रमोदचं लग्न होतं. सर सकाळच्या गाडीनं निघणार होते. पण त्या सकाळी काडीवर लेप नीट चढू लागला होता.

"म्या म्हटलं, जरासं धरू द्या. दुसऱ्या गाडीनं जाऊ. मंग अजून जरासं. दादानं मुहूर्त टाळला, मॅडम. माह्यासाठी. भटजी बोंबलून राह्यले, व्याही चिडले, अन् दादा मांडवाच्या तोंडाशी रस्त्याकडे पाहत उभा. शेवटी लावलं लग्न. मी पोचलो तवा लोक हात धूत होते."

"मग?"

"मंग काय. माह्या खिशात बाटली होती, काडी होती तिच्यात. मले वाटलं दादाले सांगावं. म्हटलं, दादा, पाय, पहिल्यांदा इतका नीट लेप धरला." सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "दादा काहीच बोलला नाही. एक शब्द नाही. आजपर्यंत."

पुढच्या रविवारी सर माफी मागायला गेले. वाटभर वाक्यं जुळवली होती. दादा ओट्यावर बसला होता. सर समोर उभे राहिले आणि तोंडातून वाक्य निघालं ते असं, "इहिरीचं पाणी पायजे होतं. प्रयोगाले." दादानं बोटानं विहीर दाखवली. सरांनी पाणी भरलं आणि परत आले. आता पाणी आणलंच आहे, तर त्यात काहीतरी मोजलं पाहिजे. म्हणून नायट्रेट.

मी गाडी चालवत होते, म्हणून मला त्यांच्याकडे बघता आलं नाही. ज्या संशोधनाचं तपासणी समितीनं "सामाजिक बांधिलकी" म्हणून कौतुक केलं होतं, त्याची सुरुवात ही अशी झाली होती.

घर गावाच्या कडेला, मळ्यातच होतं. विहीर, तिच्या शेजारी नवा पत्र्याचा गोठा, आणि ओट्यावर नामदेवदादा दोर वळत बसलेले. सरांचंच नाक, फक्त उन्हात भाजलेलं. त्यांनी वर बघितलं.

"आज तं सोमवार हाय," ते म्हणाले.

सरांनी मान हलवली आणि नजर विहिरीकडे वळवली. मला वाटलं, आता हे पुन्हा बाटली मागतात की काय! तेवढ्यात सून बाहेर आली. शीतल तिचं नाव. पाहुणी बघून तिनं ताटलीत पाण्याचे दोन पेले आणले. मला एक दिला. दुसरा सरांपुढे धरणार, तोच दादा म्हणाले, "त्याले काऊन देतं? तो बसून पेत नाही. बाटलीत भरून नेते."

शीतल पेला घेऊन तशीच उभी राहिली. आतून बाळ रडलं. आणि सरांना वाचा फुटली.

"दादा, लेकराले हे पाणी देऊ नका."

"काय म्हणतं?"

"इहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढलं. यंदा तू गोठा जवळ आणला, त्याचं मूत-शेण झिरपून राह्यलं. लहान लेकराले ते लागते."

दादांच्या हातातला दोर थांबला. "हे पाणी पिऊन तू मोठा झाला. सारी आळी पेते. माह्या बापानं खोदेल इहीर हाय ही!"

"आपल्या," सर म्हणाले. "आपल्या बापानं, दादा."

शीतल मधे पडली. "पण काकाजी, मी तं उकळून देतो पाणी. चांगलं वीस-वीस मिनिटं."

"उकळू नको, बाई. त्यानं अजून वाढते. पाणी उडून जाते, ते मागं राह्यते. दूध आटवलं का घट्ट होते ना, तसं." मग सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या मॅडम जीवशास्त्राच्या हायेत. सांगा ना मॅडम."

मी सांगितलं. निळ्या नखांचं ऐकताच शीतल आत धावली आणि बाळाला बाहेर घेऊन आली. उजेडात पोरीची बोटं उलगडून बघितली. दादाही उठून आले. गुलाबी होती बोटं, मुठीत परत मिटली. तिघांनी एकदम श्वास सोडला. सर लांब उभे होते. जवळ यावं की नाही, ते त्यांना कळत नव्हतं.

"पक्कं हाय का?" दादांनी विचारलं. किती दिवसांनी भावाला नीट विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

मी सरांकडे बघितलं. नाही म्हणाले, तर आलो त्याचा उपयोग काय? आणि हो म्हणाले, तर टेकाडे सर कसले?

"आकडा पक्का नाही," सर म्हणाले. "चुकला बी असंन. चुकला तं गाव हासंन मले, हासू दे. पण लेकरू तं पक्कं हाय ना, दादा."

दादांनी बाळाची मिटलेली मूठ एकदा चाचपली. मग मागे वळून ओरडले, "प्रमोद! गाडी काढ. मोताळ्यावरून फिल्टरची क्यान घेऊन ये. दोन आण. अन् शीतल, ते माठातलं पाणी दुधाले लावू नको आता." सगळं एका दमात. दोर खाली टाकला आणि ओट्यावर बसले.

"दर रविवारी येते," ते माझ्याकडे बघून म्हणाले, पण बोलणं माझ्याशी नव्हतं. "इहिरीवर जाते, बाटली भरते, चालला. मले वाटे, आता बसंन, मंग बसंन. इतल्या दिवसात माह्या घरचं घोटभर पाणी नाही पेलं यानं. अन् आज म्हणते, पाणीच खराब हाय."

सरांनी शीतलच्या हातातल्या ताटलीतला पेला उचलला. मी "सर, अहो..." म्हणेपर्यंत त्यांनी तो घटाघटा रिकामा केला होता. उभ्यानं नव्हे. दादांच्या शेजारी, ओट्यावर बसून.

"मोठ्या माणसाले काही होत नाही," शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत ते मला म्हणाले. आणि रिकामा पेला दादांपुढे धरला. "अजून दे."

दादांनी तो शीतलकडे दिला नाही. स्वतः उठले, आत गेले, माठातून भरून आणला. पेला काठोकाठ होता, थोडं पाणी धोतरावर सांडलं. सरांनी तेही प्यायलं. मग दोघं तसेच बसून राहिले, समोरच्या वावराकडे बघत. यंदा तुरीला शेंगा बऱ्या धरल्यात, असं दादा म्हणाले. सर म्हणाले, हो, बऱ्या दिसून राह्यल्या. मी पुढे होऊन शीतलच्या बाळाशी बोलत बसले, कारण तिथं माझं दुसरं काही काम उरलं नव्हतं.

सरकारी प्रयोगशाळेचा निकाल पुढे आला तो सरांच्या आकड्याला धरूनच होता. दादांनी गोठा वावराच्या पलीकडच्या टोकाला हलवला. आळीतल्या दोन घरांत तान्ही बाळं होती, तिथंही क्यान सुरू झाल्या. सर आता त्या पाण्यावर निबंध लिहिणार आहेत, असं सोनोने मला चिडून सांगत होता.

पण मी सांगत होते ते त्या सोमवारच्या परतीचं. ऊन कलायला आलं होतं. सर पुढच्या सीटवर, मांडीवर शीतलनं दिलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. गाव बरंच मागे पडेपर्यंत त्यांचं काहीतरी ओठातल्या ओठात चाललं होतं.

"पोरीचं बारसं हाय येत्या शनवारी," ते एकदम म्हणाले. "प्रमोदले बहीण नाही. मंग कानात नाव सांगायले आत्या कुठून आणतीन? दादा म्हणे, तू ये. तूच सांग."

"वा! मग जाणार ना?"

"सकाळच्या पहिल्या गाडीनं," सर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, खिशातला रुमाल काढला आणि काचा पुसायला लागले. नांदुरा आलं तरी त्यांचं पुसणं संपलं नव्हतं.